टर्फवरच्या प्लॅस्टिक बाटल्या कमी करा, गल्ला कमी न करता



बॉक्स क्रिकेटचं टर्फ, बॅडमिंटन हॉल किंवा मंडळाचं मैदान चालवणाऱ्यांसाठी आजचा विषय आहे. व्हिडिओमध्ये आकडे भरभर गेले, म्हणून तोच हिशोब इथे सावकाश मांडला आहे. वही-पेन घेऊन बसा.

आधी खरी अडचण समजून घेऊ

"बाटल्या बंद करा" असं सांगणं सोपं आहे. पण पाण्याची बाटली म्हणजे टर्फवाल्याची रोजची कमाई. ती बुडणार असेल तर कुणीही हा सल्ला ऐकणार नाही, आणि का ऐकावा?

समजा, तुमच्याकडे दिवसाला 8 स्लॉट जातात आणि प्रत्येक स्लॉटला 12 जण येतात. म्हणजे 96 खेळाडू. त्यातल्या निम्म्यांनी बाटली घेतली तर 48 बाटल्या. एका बाटलीमागे 8 रुपये सुटले तर दिवसाचे 384 रुपये. आणि महिन्याला कचऱ्यात 1,440 बाटल्या!

आता दुसरी बाजू

स्लॉटचा दर फक्त 50 रुपयांनी वाढवा आणि पाणी मोफत द्या. एका खेळाडूवर जेमतेम 4 रुपये पडतात, 20 ची बाटली घ्यावी लागत नाही. गिऱ्हाईक खूश. तुमच्याकडे 8 स्लॉटचे 400 रुपये आले. प्रत्येकी अर्धा लिटर धरलं तर 48 लिटर पाणी, म्हणजे 20 लिटरचे 3 जार. जार 40 रुपयांना धरला तर 120 रुपये खर्च. उरले 280.

384 मधून 280 गेले, तूट राहिली 104 रुपयांची. ती कोकम सरबत किंवा लिंबू सरबताने भरून काढा. स्टीलच्या ग्लासमागे 8 रुपये सुटले तर 13 ग्लास पुरेत. 96 जणांत 13 ग्लास जड नाहीत.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावातला जारचा भाव आणि तुमचे स्लॉट घालून हिशोब पुन्हा करा. आणि हो, बुकिंग घेतानाच मेसेज पाठवा : "पाणी मोफत आहे, आपली बाटली आणा." हा मेसेज गेला नाही तर अर्धी योजना फसली समजा.

तरीही ज्या बाटल्या येतील, त्यांचं काय?

पाण्याची बाटली पेट प्लॅस्टिकची असते. भंगारवाला ती आनंदाने घेतो, पण कोरडी आणि स्वच्छ असेल तरच. तिच्यावर मिसळीचा रस्सा सांडला की भाव गेला. म्हणून तीन डबे ठेवा : बाटल्यांचा, ओल्या कचऱ्याचा आणि बाकी सुक्याचा. बाटल्यांच्या डब्याच्या झाकणाला बाटली जाईल एवढंच गोल भोक ठेवा. मग त्यात वडापावचा कागद कोणी कोंबत नाही. डबे कोपऱ्यात लपवू नका. खेळाडू जिथे बूट काढतो तिथे आणि गेटपाशी हवेत.

वेफर्सच्या पाकिटांत वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सहज सुटे होत नाहीत, म्हणून भंगारात त्यांना सहसा कोणी विचारत नाही. त्यापेक्षा कँटीनला शेंगदाणे, उकडलेली अंडी, केळी ठेवा. आणि रात्री मैदान बंद करताना कचरा जाळायचा नाही. धूर विषारी असतो आणि नियमानेही ते चालत नाही.

स्पर्धा भरवताय?

महाराष्ट्रात 2018 पासून प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या एकदाच वापरायच्या ताटल्या, कप, चमच्यांवर बंदी आहे. पहिल्याच वेळी सापडलात तर दंड 5,000 रुपये, म्हणजे एखाद्या छोट्या स्पर्धेचं बक्षीसच गेलं. त्यापेक्षा भांडी भाड्याने आणा. फ्लेक्स लावायचाच असेल तर कापडी बॅनर करा आणि त्यावर वर्ष छापू नका. पुढच्या वर्षी तोच चालेल.

एक गोष्ट सगळे विसरतात

तुमचं टर्फ स्वतःच प्लॅस्टिक आहे! गवताच्या पात्यांमध्ये रबराचे काळे दाणे असतील तर ते बुटांतून बाहेर जातात आणि पावसात गटारात वाहतात. दाराशी जाड पायपुसणं आणि पाणी वाहून जाणाऱ्या तोंडाला बारीक जाळी लावा. जमलेले दाणे झाडून परत टर्फवर टाका, नवे विकत आणायचा खर्चही वाचेल. टर्फ बदलताना जुने रोल कोण उचलणार, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ

सात दिवस रोज रात्री रिकाम्या बाटल्या मोजा आणि वहीत लिहा. आकडा समोर आला की पुढचं आपोआप सुचतं. तुमचा आकडा कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यावरच हिशोब करू.

भेटूया!