अवघड इंग्रजी शब्दांची ओळख

इंग्रजीतील अवघड शब्दांची यादी करून ती पाठ करण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. ही यादी परीक्षेपर्यंत टिकते आणि परीक्षेबरोबरच विसरली जाते. याचे कारण उघड आहे. यादीतील शब्द एकटे असतात. त्यांना गणगोत नसते.

वास्तविक त्यांचे गणगोत मोठे आहे. 'हृ' या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द होतात, हे आपण जाणतोच. इंग्रजीने लॅटिनकडून घेतलेल्या कित्येक शब्दांची घडण अशीच आहे. 'पाहणे' या अर्थाच्या लॅटिन धातूचे 'स्पेक्ट' हे रूप घ्या. आत डोकावून पाहतो तो इन्स्पेक्टर. मागे वळून पाहणे ते रिट्रॉस्पेक्ट. आणि चहूकडे पाहून पाऊल टाकणारा तो सर्कमस्पेक्ट, म्हणजे सावध. एक धातू ओळखीचा झाला की त्याचे सोयरे आपण होऊन घरी येतात.

परंतु व्युत्पत्तीवरही सर्वस्वी विसंबू नये. 'इग्रीजियस' याचा मूळ अर्थ 'कळपातून वेगळा उठून दिसणारा'. १६ व्या शतकात तो गौरवाचाही शब्द होता. आज तो घोर चुकीला लावतात. भर सत्कारसभेत कोणी आपल्या गुरुजींना 'इग्रीजियस' म्हटले, तर व्युत्पत्ती काही त्याच्या मदतीला धावणार नाही!

तेव्हा धातूवरून शब्द ओळखावा, कोशात अर्थ पडताळावा, आणि चांगल्या लेखकाच्या वाक्यात तो कसा नांदतो हे पाहिल्यावरच स्वतः वापरावा. असे रोज दोन शब्द घेतले, तरी पुष्कळ झाले.