आधी इंजिन बंद करा

काशीतल्या अहिल्याबाई घाटापर्यंत मोटार येत नाही. १७८० साली विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं करणाऱ्या अहिल्याबाईंच्या नावाचा हा घाट दशाश्वमेधाला लागूनच आहे. मागे अरुंद गल्ल्या आणि गल्ल्यांच्या तोंडाशी गोदौलियाची गर्दी: सायकलरिक्षा, ई-रिक्षा, हातगाड्या, भर रस्त्यात ठाण मांडलेला सांड. नागपूर, जबलपूर, रीवा असं करत जुन्या सात नंबरच्या महामार्गाने गाडी आणणाऱ्याचा क्लच त्या शेकडो किलोमीटरांत जेवढा झिजत नाही, तेवढा या शेवटच्या टप्प्यात झिजतो. इथे डावा पाय पेडलवरून उठतच नाही.

आमच्या गाडीचा गिअर रीव्यानंतर जड पडू लागला होता. काशीत पोचेपर्यंत पहिला गिअर ढकलावा लागे आणि रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येई. उतरलो होतो तिथल्या व्यवस्थापकाने एका मिस्त्रींना निरोप धाडला. ते संध्याकाळी घाटावर येतात, तिथेच भेटा, असं सांगितलं. गाडी दूर पार्किंगमध्ये उभी होती. तिची तपासणी घाटाच्या पायऱ्यांवर, नुसत्या प्रश्नोत्तरांनी सुरू झाली.

‘गिअर जड पडतो’ एवढ्या तक्रारीवर मिस्त्रीजींचं समाधान झालं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, “इंजन बंद करके गिअर डाले थे?” टाकले होते, आणि सगळे अलगद पडत होते. त्यांनी मान हलवली. या एका उत्तराने अर्धं काम होतं. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असेल तर दोष गिअरच्या दांड्यात, केबलमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या आत शोधायचा. बंद इंजिनावर गिअर सहज पडतो आणि चालू इंजिनावर अडतो, याचा अर्थ पेडल पूर्ण दाबूनही क्लच इंजिनाला सोडत नाही. गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरत राहतो आणि फिरत्या दात्यांत दाते बसवायचे म्हणजे झटापट होणारच. पुढच्या गिअरांत वेग जुळवून घेणारी सिंक्रोमेशची रिंग असते. कॅडिलॅकने ती १९२८ मध्ये मोटारीत आणली. पुष्कळ गाड्यांच्या रिव्हर्सला मात्र ती नसते, म्हणून क्लच न सोडण्याची बोंब आधी रिव्हर्स मारतो.

दुसरा प्रश्न: पेडल दोन-तीनदा भराभर दाबलं तर फरक पडतो का? पडत असेल तर क्लचच्या तेलाच्या लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडर गळतो आहे. ते दुरुस्त करायला बहुधा गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. केबलच्या गाडीत हीच जागा केबलची. ती ताणली किंवा तिचे धागे तुटले तरी गिअर अडतो. आमच्या गाडीत पेडल कितीही मारलं तरी फरक नव्हता.

तिसरा प्रश्न उलट्या बाजूचा होता. ओव्हरटेक करताना इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी जागची हलत नाही, असं होतं का? होत होतं. क्लचचे आजार दोन, न सोडणं आणि न धरणं. लोक दोन्हींना ‘क्लच गेला’ म्हणतात, पण पहिला आजार कधी कधी किरकोळ दुरुस्तीने बरा होतो आणि दुसऱ्यात बहुधा प्लेटच बदलावी लागते. आमच्याकडे दोन्ही होते. शिवाय पेडल महिनोन्‌महिने जड होत गेलं होतं. प्लेट झिजली की प्रेशर प्लेटची थाळीसारखी स्प्रिंग आपली मूळची बैठक सोडते आणि ती दाबायला जोर जास्त लागतो. पायाला हे रोज थोडं थोडं कळतं, म्हणून कळतच नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये त्यांनी आधी स्वतःची खात्री करून घेतली. हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन तिथल्या तिथे बंद पडायला हवं होतं. ते धापा टाकत फिरत राहिलं. ही चाचणी त्यांनी एकदाच केली. पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही जळते.

मग बॅटरी सोडली, गिअरचं तेल काढलं, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट बाहेर ओढले, इंजिनाखाली जॅक लावला आणि दोघांनी मिळून गिअरबॉक्स उतरवला. दिवसाचा मोठा भाग इथेच जातो. बदलायच्या वस्तू एका हातात मावतील एवढ्या, पण त्या इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध दडलेल्या.

प्लेट उघडल्यावर सगळी उत्तरं समोर आली. अस्तर रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत आलं होतं, म्हणून धरत नव्हतं. उष्णतेने प्लेट किंचित वाकली होती आणि प्रेशर प्लेटच्या बोटांवर ती दाबणाऱ्या बेअरिंगने खोबणी पाडली होती, म्हणून सोडत नव्हतं. फ्लायव्हीलवर निळसर डाग होते. मिस्त्रीजींनी त्यावरून नख फिरवलं. खाच लागली नाही, तेव्हा घासून साफ करण्यावर भागलं. आतली काळी धूळ त्यांनी हवेच्या फवाऱ्याने उडवू दिली नाही, ओल्या फडक्याने पुसायला लावली. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. ती शिस्त त्यांच्या हातात राहिली होती.

बेअरिंग अजून चालेल का, असं आम्ही विचारलं. त्यांनी ते कानाशी धरून फिरवून दाखवलं, खरखर होती. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदलतात, कारण त्यातलं एक पुढे गेलं तर स्वस्त बेअरिंगसाठी हीच सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते. संच आला तो छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) कारखाना असलेल्या एक्सेडीचा. आमच्या मराठवाड्याचा माल गंगेकाठी पाहून आम्ही खोका उगाचच दोनदा वाचला.

बसवतानाची काळजी उघडण्यापेक्षा जास्त. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, ते बहुधा तिच्यावरच लिहिलेलं असतं. शाफ्टच्या खाचांवर ग्रीसचा पुसट हात. जास्त झालं तर ते उडून अस्तरावर बसतं आणि नवी प्लेटही घसरते. मधोमध धरणारी दांडी घालून प्लेट केंद्रात आणली, मगच बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळले. एका बाजूने आवळत गेलं तर थाळी वाकते.

पेडल आता एवढं हलकं की पहिल्यांदा गाडीला हिसका बसला. पहिले काही शे किलोमीटर गाडी जोरात ताणायची नाही, अस्तर बसू द्यायचं, असं मिस्त्रीजींनी बजावलं. गोदौलियाच्या गर्दीसाठी त्यांची सूचना वेगळी होती. गाडी थांबली की न्यूट्रल टाकायचा आणि डावा पाय पेडलवरून पूर्ण उचलून बाजूला ठेवायचा. पुढची रिक्षा हलल्यावरच गिअर.