ओळखा पाहू, नाणं कुठलं?

वीकेण्डला तेच ते पत्ते खेळून बोअर झालात? मग आमच्या नाणीवेड्या ग्रुपचा हा गेम ट्राय करा. टेबलावर एक अनोळखी परदेशी नाणं टाकायचं, मोबाइल बॅगेत, आणि देश ओळखायचा. जो ओळखेल, नाणं त्याचं! त्यामुळे चुरस एकदम खरी.

इंग्रजी नाव शोधत बसलात की फसलात. ‘हेल्वेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड, ‘मग्यार’ म्हणजे हंगेरी. ‘ह्रवात्स्का’ म्हणजे क्रोएशिया. २०२३ पासून तिथे युरो आला, त्यामुळे जुना कुना आता फक्त आमच्यासारख्यांकडेच.

सालही चकवतं. थाई अंकांत २५५० दिसलं तर नाणं भविष्यातलं नाही, बुद्धवर्षातलं आहे. ५४३ वजा करा, २००७ मिळेल. शक-संवतात वाढलेल्या आपल्याला हे जड नाही!

माझं लाडकं नाणं मात्र जपानचं ५ येनचं. पितळी, मधोमध भोक, आणि नेहमीचा ‘5’ कुठेच नाही. ओळखायचं ते भाताच्या लोंबीवरून.

सुरुवात करायचीय? परदेशातून परतलेल्या मावशी-काकांची उरलेली चिल्लर मागा. मनी चेंजर ती सहसा घेत नाहीत. आणि हो, मिळालेलं नाणं पितांबरीने घासू नका. चकाकेल, पण संग्राहकाच्या लेखी किंमत उतरेल!