जुनी गाडी घेताय? आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात जुनी गाडी फारच स्वस्त मिळत असेल तर पहिला प्रश्न, ही पुरात बुडालेली तर नाही? जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, ते इथं कुणी विसरलेलं नाही. बुडालेली गाडी पॉलिश मारून चकाचक करता येते, पण वायरिंग आतून सडत राहतं.

सीटबेल्ट पूर्ण ओढा. टोकाला चिखलाचे डाग दिसले तर गाडी सोडून द्या. मॅट उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा. इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा. काही जण ते आधीच गरम करून ठेवतात. मेकॅनिक आपला न्यावा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

एमएच-05 म्हणजे कल्याण आरटीओची गाडी. नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून नोंदणी आणि विमा तपासा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हवाच. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

15 वर्षं भरत आलेली गाडी स्वस्त पडते खरी, पण फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आपल्याच गळ्यात येतो. तेवढे पैसे धरूनच भाव पाडा.