आवाज येतो, चित्र मात्र काळं!

ऑनलाइन कोर्स घेतलेल्या एका निवृत्त काकांची तक्रार अशी, की सरांचा आवाज स्पष्ट, पण स्क्रीन काळी ठिक्कर. वायफाय बदलून झालं, तरी तेच.

दोष वायफायचा नव्हताच. लॅपटॉपला जुन्या व्हीजीए केबलने टीव्ही जोडलेला होता. केबल काढली आणि सर दिसले!

पैसे भरून घेतलेल्या कोर्सचे व्हिडिओ चोरीला जाऊ नयेत म्हणून बरेच प्लॅटफॉर्म ते कुलूपबंद पाठवतात. क्रोम आणि अँड्रॉइडवर ते कुलूप गूगलच्या वाइडवाइनचं, सफारीत ॲपलच्या फेअरप्लेचं. स्क्रीन रेकॉर्डर चालू असला किंवा टीव्हीपर्यंतची जोडणी सुरक्षित नसली, की चित्र अडवलं जाऊ शकतं. आवाज मात्र सुरूच. एनपीटीईएलची व्याख्यानं यूट्यूबवर खुली आहेत, तिथे ही कटकट नाही.

दुसरी भानगड वेगळी. कोर्सची साइट एकाची, व्हिडिओ साठवलेला भलत्याच सर्व्हरवर. मध्ये ॲड ब्लॉकर आडवा आला किंवा ब्राउझरने थर्ड पार्टी कुकीज रोखल्या, की नुसतं चक्र फिरत राहतं. त्या साइटपुरता ब्लॉकर बंद करावा, मग दुसरा ब्राउझर. ऑफिसात चालत नाही, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं? मग फायरवॉलकडे बघा.

व्हिडिओ फक्त अडखळत असेल, तर क्वालिटी ४८०पीवर आणा. ॲप काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला सगळे देतात. तो शेवटचा उपाय.

काही अडलं तर जरूर विचारा. फक्त फोन किंवा लॅपटॉप कोणता, ब्राउझर कोणता आणि स्क्रीनवरचा एररचा मजकूर जसाच्या तसा लिहा.