हंगाम सरताना पाण्यावरचे पाहुणे

गळीत हंगाम शेवटाला आला, तोडीच्या टोळ्या परतू लागल्या, की ऊस विकास विभागाला थोडी उसंत मिळते. मार्चअखेरच्या एका रविवारी आम्ही विभागातील तिघे कोल्हारहून प्रवरेचा पूल ओलांडून राहुरीमार्गे मुळा धरणावर पक्षी पाहायला गेलो. बारागाव नांदूरचे हे धरण, म्हणजेच ज्ञानेश्वर सागर, २६ टीएमसीचे. राहुरीकडील सभासदांचे लक्ष एरवी तिथल्या पातळीवर आणि आवर्तनाच्या तारखेवर असते. पाण्यावर कोण बसले आहे हे कोण बघतो?

पक्ष्यांची गर्दी ओसरली होती. तरी उथळ काठाला लांब तांबड्या पायांचे शेकाटे चिखल टोचत होते. काळे चांदवे पोहत होते. कपाळावर पांढरा टिळा, म्हणून काहीजण त्यांना वारकरी म्हणतात. दूरवर नारिंगी अंगाची चक्रवाकांची तीन जोडपी दिसली. हे पक्षी लडाख-तिबेटच्या पठारांवर वीण करतात, थंडीत इकडे येतात, ऊन तापले की परततात. आपल्या टोळ्यांसारखेच, फक्त त्यांना उचल द्यावी लागत नाही!

निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीला २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले, महाराष्ट्रात सर्वांत आधी. तोही बंधारा पक्ष्यांसाठी नव्हे, कालव्यांसाठीच बांधलेला. राहाता-कोपरगावच्या उसाला त्याच कालव्यांचे पाणी.

परतताना शेतरस्त्याने आलो. एके ठिकाणी खोडवा मोडून ट्रॅक्टरने नांगरट चालली होती आणि फाळामागे गायबगळे, साळुंक्या, कावळे यांची झुंबड. ढेकळातून निघालेले हुमणीचे सुप्त भुंगेरे ते टिपत होते. शेजारचे रान मात्र नांगरूनही सुने. तिथले वडीलधारे सभासद म्हणाले, "साहेब, ट्रॅक्टर रातच्यालाच मिळाला. दिवसा नांगरलं का मागं बगळ्यांची रांग लागती. रातच्याला कोन येनार?"

मुद्दा नेमका तोच आहे. जमिनीत राहिलेला भुंगेरा वळवाच्या पावसानंतर बाहेर पडतो, बाभळी-लिंबावर बसतो आणि एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, आणि होते तेव्हाही ते बगळ्याच्या पोटात जातच होते. तेव्हा भाड्याचा ट्रॅक्टर ठरवताना सकाळची वेळ मागून घ्यावी, एखादा दिवस थांबावे लागले तरी चालेल. पाचटही पेटवू नये. त्यात किडे वेचणारी पाखरे असतात, आणि जमिनीचे खतही तेच.

त्या तात्यांनी मग आम्हाला मोटारीच्या खोलीत नेले. आढ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी, खाली उंदरांच्या हाडा-केसांच्या गोळ्यांचा खच. घरच्यांनी अपशकुनी म्हणून झरोका बुजवायला काढला होता. तात्यांनी बुजवू दिला नाही. "म्हातारी अजून कुरकुरती," म्हणाले, "पन औंदा उंदरांनी कांडं कुरतडलं नाय."