हाडातला स्क्रू विरघळतो तेव्हा

डोंबिवलीतील माझ्या दवाखान्यात एक प्रश्न आता अधूनमधून येतो. आईचे खुब्याचे हाड मोडलेले असते, शस्त्रक्रिया ठरलेली असते आणि मुलगी विचारते, "डॉक्टर, विरघळणारा धातू निघाला आहे ना? मग आईच्या शरीरात कायमचा रॉड कशाला?" या प्रश्नामागे काळजी आहे, म्हणून त्याचे उत्तर मुळापासून समजून घेऊ या.

ठाण्याच्या खाडीकाठी राहणाऱ्यांना खिडकीच्या लोखंडी ग्रिलचा अनुभव आहेच. खारा वारा लागला की ती लवकर गंजते. आपल्या रक्तातही पाणी, मीठ आणि प्राणवायू असतात. म्हणजे धातूच्या दृष्टीने शरीर ही एक खाडीच होय. त्यामुळे आत बसवायचा धातू न गंजणारा असावा, असा दंडक पडला आणि स्टेनलेस स्टील व टायटेनियम प्रचारात आले.

मॅग्नेशियमच्या बाबतीत हा दंडक मुद्दाम मोडला जातो. पाण्याशी संयोग होऊन त्यावर हायड्रॉक्साइडचा थर बनतो. हा थर काही काळ संरक्षण देतो, परंतु शरीरातील क्लोराइड तो फोडत राहते आणि झीज चालू राहते. या क्रियेत हायड्रोजन वायू निर्माण होतो. झीज संथ असेल तर शरीर तो शोषून घेते. वेगाने झाली तर वायू साचून सूज येते.

1907 मध्ये लांबोट या बेल्जियन शल्यविशारदांनी पायाचे मोडलेले हाड मॅग्नेशियमच्या पट्टीने जोडले, पण खिळे सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचे वापरले. खाऱ्या द्रवात दोन भिन्न धातू एकत्र आले की त्यांतला अधिक क्रियाशील धातू झपाट्याने झिजतो. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायू साचला.

पुढे मिश्रधातू सुधारले. 2013 मध्ये मॅग्नेशियमच्या जर्मन बनावटीच्या स्क्रूला युरोपात मान्यता मिळाली. पायाच्या अंगठ्याचे वाकडे हाड सरळ करण्यासारख्या, लहान हाडांच्या शस्त्रक्रियांत असे स्क्रू वापरले जातात. स्क्रू काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत नाही, हा त्यांचा मोठा लाभ.

मग खुब्यासाठी ते का नकोत? कारण तेथे संपूर्ण शरीराचा भार येतो आणि उतारवयात हाड सावकाश जुळते. हाड जुळण्याआधीच आधार क्षीण झाला तर सारेच व्यर्थ. शस्त्रक्रियेनंतर आजी लवकरात लवकर उभ्या राहाव्यात, हे सर्वांत महत्त्वाचे. अंथरुणाला खिळल्यास छातीचा संसर्ग, पायात रक्ताची गुठळी आणि शय्याव्रण यांचा धोका वाढतो. तेथे मजबूत रॉडच हवा. त्रास होत नसेल, तर वृद्धांच्या शरीरातून तो सहसा काढावाही लागत नाही.

आपल्या घरी कुणाला मॅग्नेशियमचा स्क्रू बसवला असेल, तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. स्क्रूची माहिती देणारा स्टिकर डिस्चार्ज कार्डासोबत जपून ठेवा. पुढे एक्स-रेमध्ये स्क्रूभोवती वायूची काळसर छाया दिसली, तर ती संसर्गाची आहे असा गैरसमज होऊ शकतो. त्या वेळी हा कागद उपयोगी पडेल. शरीरातील जादा मॅग्नेशियम मूत्रपिंडे बाहेर टाकतात. म्हणून क्रिएटिनिन वाढलेले असल्यास शस्त्रक्रियेपूर्वीच सर्जनना सांगा. आणि जखमेतून पू येणे, ताप किंवा वाढती वेदना यांना "धातू विरघळत असेल" असे म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सर्जनना भेटाल तेव्हा "विरघळणारा की कायमचा" एवढेच विचारून थांबू नका. "हाड जुळेपर्यंत हा आधार टिकेल ना आणि आई उभी कधी राहील?" हेही अवश्य विचारा.